भिकुबाईची सवत

“हाऊ हात शे का पदर?” भिकुबाईनं विचारलं.

भाईदास सोनारानं चांदीचा टाक तिच्या तळहातावरून उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरून पाहिला आणि परत ठेवला. “तुले जे वाटस ते समज,” तो म्हणाला. “बाई शे, इतलं दिसस ना? बस व्हयनं.”

बाई होती एवढं खरं. अंगठ्याच्या नखाहून जरा मोठा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. रुंद कपाळ, गोल डोळे, लांब नाक, आणि कमरेपाशी हात किंवा पदर. ही कुंदाबाई, लोटनची पहिली बायको. शिरपुरात मानमोडीच्या तापाची साथ आली त्या दिवाळीला ती गेली, आणि पुढच्या वैशाखात लोटननं साक्रीकडच्या खेड्यातली भिकुबाई केली. रिवाज असा, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा. नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवायचं, सणाचा घास आधी तिला दाखवायचा, मग आपण खायचं. भिकुबाईच्या आईनं तर निघताना कानात सांगितलं होतं, “जित्ती सवत परवडस, मरेल परवडत नही. तिले राजी ठेव.” भिकुबाईनं काळ्या मण्यांच्या पोतीत टाक ओवून घेतला आणि सासरच्या घरात पाऊल टाकलं.

घरात माणसं तीन. लोटन कापसाच्या जिनात इंजिनावर कामाला होता. हंगामात पहाटेचा भोंगा झाला की जायचा, तो दिवेलागणीला अंगाला तेलाचा वास घेऊन यायचा. बोलणं अगदी मोजकं. दिवसभर इंजिनाच्या धडधडीत ओरडून घरी आणायला आवाजच उरत नसेल, अशी भिकुबाईनं आपली समजूत घालून घेतली. दुसरे सासरे, वना आबा. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, सगळा दिवस ओट्यावर. आणि तिसरी कुंदाबाईची मुलगी तापी, सहा वर्षांची. तापी भिकुबाईला कोणत्याच नावानं हाक मारत नसे. भूक लागली की समोर येऊन उभी राहायची, भाकरी मिळाली की निघून जायची. सावकाराचा माणूससुद्धा याहून बरा बोलतो, असं भिकुबाईच्या मनात येई. पण पोरीशी काय भांडायचं, म्हणून ती गप्प बसे.

एका दुपारी भिकुबाई तापीची वेणी घालत होती. तापी एकदम वळली आणि तिनं टाक मुठीत धरला.

“हाई मनी माय शे?”

“हां.”

“मंग इना दात कोठे शेत?”

टाकाला दात नव्हते. भाईदासनं तोंडाच्या जागी एक रेघ मारली होती.

“मनी मायले दात व्हतात,” तापी म्हणाली, आणि बघता बघता तिचा चेहरा वाकडा झाला. “मले तिनं तोंड याद येत नही. मी रोज याद करस, तरी येत नही.”

साथीत तापीही तापानं फणफणली होती. आठ दिवसांनी उठून बसली तेव्हा आई घरात नव्हती. फोटो काढायची चाल श्रीमंतांची. कुंदाबाईची एक माणूस म्हणून कुठं नोंद असेल तर ती या घरातल्या माणसांच्या डोक्यात. त्यातला लोटन बोलत नव्हता, आबा ती घरात यायच्या आधीच आंधळे झालेले, आणि पोर विसरत चाललेली. तापी पहिल्यांदाच भिकुबाईच्या मांडीवर रडली. भिकुबाईला तिची इतकी कीव आली, की अर्धी वेणी तशीच हातात धरून ती बसून राहिली.

त्या रात्री जेवताना तिनं लोटनला विचारलं, “ती उंच व्हती का?”

“व्हती.”

“कितली? तुमनाइतली?”

“बाईमानूस जितली ऱ्हास तितली,” लोटन म्हणाला आणि ताटावरून उठला. पुढे तिनं दोन-तीनदा विचारून पाहिलं, पण लोटन म्हणजे दगडावर पाणी.

तेव्हा तिला आबा आठवले. आबा पूर्वी दर चैत्रात पायी सप्तशृंगीच्या गडावर जायचे. डोळे गेल्यापासून ते ओट्यावरूनच जात. सकाळी भाकरी खाल्ली की मांडी घालायची, पापण्या मिटायच्या आणि मनातल्या मनात गड चढायचा. वर पोचले की देवीला अंघोळ, मग लुगडं, मग अठरा हातांतली एकेक हत्यार पुसून परत त्या त्या हातात द्यायची. चौदाव्या हाताच्या आसपास त्यांना डुलकी लागे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आबांना अठरा हातांची बाई दिसते, तर आपल्याला दोन हातांची दिसायला काय हरकत आहे, असा भिकुबाईनं सरळ हिशेब केला. आपण कुंदाबाईला बघायचं आणि पोरीला सांगायचं.

“आबा, ते मनमा देखानं मले शिकाडा,” ती म्हणाली. कोणाला बघायचंय ते काही तिनं सांगितलं नाही.

आबा खूश झाले. डोळे गेल्यापासून कोणी त्यांच्याकडे काही शिकायला आलं नव्हतं. “पहिले लोटा,” ते म्हणाले. “मंग देव. जा, पानीना लोटा लई ये.”

भिकुबाईनं लोटा आणून समोर ठेवला.

“देखी ले. आते डोया मिट. सांग, कोनती बाजूले चेपेल शे?”

रोज राखेनं घासायचा लोटा, आणि तिला सांगता येईना. तिनं डोळे उघडले. चेपलेला होता, कान उमटवल्यासारखा, काठाच्या खाली. पुन्हा मिटले. या वेळी चेपलेलं दिसलं तर काठ नाहीसा झाला. काठ आणला तोवर गाईला पाणी पाजायचं राहिलंय हे आठवलं, आणि लोटा गेला, गाय उरली. पंधरा दिवस ती एका लोट्याशी झुंजत होती. दुपारची भांडी झाली, तापी खेळायला गेली, आबांचा डोळा लागला, की ती मागच्या खोलीत बसायची. मन ताकावरच्या माशीसारखं, हाकललं की परत त्याच काठावर. वैतागून तिनं एकदा लोटा भिंतीवर आपटला, तेव्हा तो दुसऱ्या बाजूनंही चेपला. आबांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, “आते दोन खुना व्हयन्यात. सोपं जाई.” आणि खरंच सोपं गेलं. महिनाअखेरीस डोळे मिटून ती लोटा फिरवून पाहू शकत होती, आतला पाण्याचा डागसुद्धा.

“आते मानूस,” ती म्हणाली.

“मानूस?”

“देवी.”

“हां. तर तोंड पहिले धरू नको. तोंड पहिले धरं तर बठ्ठं पयी जास. पायपाशीन सुरू कर. पाय थांबनात तर मानूस कथा जाई?”

पाय काही थांबेनात. थांबले तर ते भिकुबाईचे स्वतःचेच असत, तीच फुटलेली करंगळी. जन्मात तिनं आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे पाय निरखून पाहिले कुठं होते? मग तिनं कुंदाबाईची पेटी उघडली. जोडवी घालून पाहिली, ती तिच्या बोटांत सैल होत होती. म्हणजे बोटं जाड. चोळी अंगाला लावली, खांद्यात मोठी आणि दंडात सैल. म्हणजे जात्यावरची ताकद. दाराशेजारी भिंतीवर कुंदाबाईच्या लग्नातल्या हळदीच्या हाताचा पुसट ठसा होता. त्यावर तिनं आपला पंजा ठेवला. कुंदाबाईची करंगळी तिच्याहून आखूड होती. ठसा थंड होता, भिंतीला असतो तसा. तरी भिकुबाईला हात चटकन काढवेना.

अशी ती पायापासून वर येत गेली. आषाढात घोटे झाले, पोळ्यापर्यंत कंबर. दसऱ्याला मान झाली, आणि वर चेहऱ्याची जागा मोकळी. त्याला आधार एकच होता, टाकाचा. तिनं टाक चिंचेनं घासून लख्ख केला आणि एकेक रेघ उचलून त्या मानेवर ठेवली. रुंद कपाळ, गोल डोळे, लांब नाक. दात मात्र तापीचे दिले, आईचेच असणार म्हणून.

पुढे दिवाळी सरली आणि जिनाचा भोंगा पुन्हा सुरू झाला. एका दुपारी भिकुबाई सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. कुंदाबाई समोर होती, आता डोळे मिटायची गरज पडत नसे, जरा नजर सैल सोडली की पुरे. सुपाची शेवटची पाखडणी झाली आणि कुंदाबाई म्हणाली, “दायमा खडा ऱ्हाई गया.”

भिकुबाईनं तिला तसं बोलायला लावलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं. डाळ पसरून पाहिली, तर काठाला डाळीच्याच रंगाचा एक खडा होता. तो आपल्याच डोळ्यांनी आधी टिपला असेल, हे तिला कळत होतं. ती काही खुळी नव्हती. पण आवाज तिचा नव्हता, जरा घोगरा होता, आणि बोलून झाल्यावर कुंदाबाईनं नाक खाजवलं, तेही भिकुबाईनं योजलेलं नव्हतं.

ती ओट्यावर आबांकडे गेली. “आबा, तुमनी देवी तुमनासंगे बोलस का?”

“तीस वरीस व्हयनात,” आबा म्हणाले. “हात पुसानं काम करस मी. ती कधी बोलनी नही.” मग हळूच विचारलं, “तुनी बोलनी?”

म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून भिकुबाई “नही” म्हणाली. ‘देवी’ म्हणाली होती तेवढं सोडलं, तर आयुष्यात सासऱ्याशी ती खोटं बोलली ते एवढंच.

त्या दिवसापासून तापीला आई मिळाली. दुपारी तापी धावत यायची, “आज मायनी काय करं?” आणि भिकुबाई सांगायची. तुझी माय आज तुझ्या फाटक्या परकराला हसली. तुझ्या मायला कांद्याची भाकरी आवडते. तुझ्या मायचं कपाळ असं रुंद आहे, की त्यावर दोन कुंकवं मावतील. तापी आपल्या कपाळाला हात लावून बघायची. पोरगी भरू लागली, हसू लागली, आणि भिकुबाईला ‘भिकूमाय’ म्हणू लागली. आणि भिकुबाईला? खरं सांगायचं तर तिला आयुष्यातली पहिली मैत्रीण मिळाली. नवरा मुका, सासरा आंधळा, माहेर चार दिवसांच्या वाटेवर. ज्या सवतीला राजी ठेवायला आईनं सांगितलं होतं, ती समोर बसून तिच्या भाकरीला नावं ठेवायची, मासिक पाळीत कंबर दुखली तर “आज जातं ऱ्हाऊ दे” म्हणायची. तसं त्या घरात दुसरं कोणी कधी म्हटलं नव्हतं. तीन वर्षं अशी चांगली गेली.

तिसऱ्या श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला बायका निघाल्या होत्या. गल्लीतल्या निंबाची दुसरी बायको नुकतीच घरात आली होती, ती डोक्यावर देवीचा पाट घेऊन पुढे चालत होती. नऊ वर्षांची तापी तिच्या बाजूनं नाचत होती, ती एकदम थांबली. मग गर्दीतून वाट काढत परत आली.

“भिकूमाय, तिना गळामा मनी माय शे.”

भिकुबाईनं जाऊन पाहिलं. रुंद कपाळ, गोल डोळे, लांब नाक, कमरेपाशी हात किंवा पदर.

विसर्जन सोडून ती तशीच भाईदासच्या दुकानात गेली. भाईदासला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. “ठसा एकच शे, माय,” तो म्हणाला. “मना बापना येळपाशीनना. शिरपूरन्या बठ्ठ्या सवती त्यामाच निंघतीस. मरेल बाईनं तोंड मी कथाईन लयसू? कोन शे ते तुम्ही ध्यानमा ठेवानं.” त्याचंही चूक नव्हतं. टाक पुजायला असतो, ओळखायला नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भिकुबाईनं तेवढं एक हिशेबात धरलं नव्हतं.

घरी तापी दाराला पाठ लावून उभी होती. “तू खोटी शे,” ती ओरडली. “मनी माय खोटी शे. बठ्ठं खोटं.” ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. भूक लागली तरी आता समोर येऊन उभी राहत नव्हती.

पावसाळा असल्यानं जिन बंद होतं आणि लोटन घरी होता. सगळी हकीकत त्याला भिकुबाईनंच सांगितली, लोट्यापासून सोनाराच्या ठशापर्यंत. हसेल, नाहीतर हात उगारेल, असं तिला वाटलं होतं. लोटन खाली बसला.

“मले बी येत नही वं,” तो म्हणाला.

“काय?”

“तिनं तोंड. डोया मिटात का शेवटला तीन दिननं तोंड येस. कायं-नियं पडेल, नाकमाईन रगत जायेल. त्याना पहिलेनं काहीच येत नही. तू इचारे ना, मी काय सांगू? तेच सांगू?” इतकं तो लग्न झाल्यापासून एका दमात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि इंजिनवाला लोटन हमसून हमसून रडला.

ओट्यावरून आबांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “बठाड त्याले, भिकू. पायपाशीन.”

भिकुबाईनं नवऱ्याला मागच्या खोलीत बसवलं. त्याला लोटा नको होता. त्याला तिनं इंजिनाचा पट्टा बघायला लावला, आणि तो त्यानं पहिल्याच दिवशी सांधासांध्यासकट धरला. मग पाय. “तोंडकडे जाऊ नका,” ती सांगायची. “तोंड उनं तरी खाले या. पाय देखा.” दोन दिवस तो घामाघूम होऊन उठत होता. तिसऱ्या दुपारी तो म्हणाला, “टाच.”

“कशी शे?”

“डावी. तठे इळा लागेल व्हता तिले, बाजरी कापतानी. चंद्रकोरनागत खून शे.”

दारात तापी उभी होती. भिकुबाईनं तिला खुणेनं आत घेतलं आणि मांडीजवळ बसवलं.

टाचेनंतर लोटन थांबला नाही. चालताना ती डावा पाय जरा बाहेर टाकायची. हसताना तोंडावर हात घ्यायची, कारण वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. कपाळ अगदी अरुंद, केस भुवईपर्यंत आलेले. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, त्यातला एक बाजूला घसरलेला, गोंदताना ती शिंकली म्हणून. हे सांगताना लोटन डोळे मिटूनच हसला. “शिंकनी,” तो पुन्हा म्हणाला, “आनि गोंदनारीलेच रागे भरनी.”

“दात! मले दात याद उना!” तापी किंचाळली. “दातवर दात!” तिनं भिकुबाईचा दंड हलवला. “भिकूमाय, तुले दिसस का आते? खरी?”

भिकुबाईनं पाहिलं. नजर आता सवयीची झाली होती. चंद्रकोरीची टाच, बाहेर टाकलेला पाय, तीन ठिपके, दातावर दात. कुंदाबाई खोलीत आली आणि लोटनच्या अन् तापीच्या मधोमध बसली. ती त्या दोघांकडे बघत होती. भिकुबाईकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि का पाहावं? भिकुबाईला ती ओळखतच नव्हती.

“दिसस,” भिकुबाई म्हणाली. “खरी शे.”

दुसऱ्या दिवशी एकटी असताना तिनं आपल्या कुंदाबाईला बोलावून पाहिलं. पायापासून सुरुवात केली, तर टाचेवर विळ्याची खूण होती. पुसली, परत उमटली. सरळ चेहरा धरायला गेली, तर आबा म्हणाले होते तसं सगळंच पळालं. सात-आठ दिवस तिनं खटपट केली आणि मग सोडून दिली.

दिवाळीला लोटननं तिला आणि तापीला भाईदासकडे नेलं. नवा टाक ठशावर नाही, हातानं ठोकायला लावला होता. भाईदास कुरकुरला होता खूप, पण काम त्यानं चोख केलं होतं. हनुवटीवर तीन ठिपके, एक घसरलेला. तापीनं टाक गालाला लावला. मग तिनंच तो भिकुबाईच्या पोतीत ओवला.

“जुना दे आते,” भाईदासनं हात पुढे केला. “आटाडी टाकसू.”

भिकुबाईनं जुना टाक मुठीत धरला.

“दोन्ही बांधशी? लोक हासतीन. दोन सवती व्हयन्यात म्हनतीन.”

“सवत एक शे,” भिकुबाई म्हणाली. “हाई मनी शे.”

भाईदासनं लोटनकडे पाहिलं. लोटननं सोनाराचा पुढे आलेला हात हळूच खाली केला. दोन्ही टाक गळ्यात घालून भिकुबाई घरी आली, आबांना आणि पोरीला वाढलं, भांडी घासली. दुपारी डाळ निवडायला बसली तेव्हा तिनं सूप दोनदा पाखडलं, आणि डाळ पसरून काठाकाठानं बोट फिरवून पुन्हा एकदा खडे पाहिले.